ग्रिफिथ पार्क आणि टिल्डन पार्कमधील वाफेच्या छोट्या गाड्या: पाहायला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात राहणारी मराठी कुटुंबे आणि त्यांच्याकडे काही महिन्यांसाठी भारतातून आलेले आई-वडील लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील आणि बर्कलीच्या डोंगरावरील टिल्डन पार्कमधील वाफेच्या छोट्या गाड्यांविषयी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेकांना आधी रांग आणि वेळ यांची माहिती हवी असते, आणि ती पुढे आहेच. मात्र या ठिकाणी गाडीत बसून येण्यापेक्षा रुळांच्या कडेला उभे राहून पाहण्यासारखे कितीतरी अधिक आहे, असे माझे ठाम मत असल्यामुळे उत्तरांचा भर पाहण्यावर आहे.

या गाड्या खेळण्यातल्या आहेत की खऱ्या?

आकार सोडला तर त्या सर्वार्थाने खऱ्या आहेत. इंजिनाच्या भट्टीत खरा जाळ असतो, बॉयलरमध्ये पाणी उकळून वाफ तयार होते, ती वाफ सिलिंडरमधला दट्ट्या मागेपुढे ढकलते आणि दट्ट्याला जोडलेल्या दांड्यांमुळे चाके फिरतात. मोठ्या इंजिनात आणि या इंजिनात तत्त्वाचा कोणताही फरक नाही. ग्रिफिथ पार्कमधील रुळांच्या दोन पट्ट्यांमध्ये साडेसात इंचांचे, म्हणजे सुमारे १९ सेंटीमीटरचे अंतर असते आणि त्यांवर धावणारी इंजिने साधारणपणे मूळ इंजिनाच्या एक-अष्टमांश मापाची असतात. ‘एक-अष्टमांश’ ऐकून इंजिन हातात उचलता येईल असे वाटते, पण तसे नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही आठपटींनी कमी झाल्यामुळे वजन ५१२ पटींनी कमी होते. तरीही १०० टनांच्या इंजिनाची अशी प्रतिकृती दोनशे किलोंच्या आसपास भरते, आणि ती चालक धरून कितीतरी माणसांना ओढून नेते.

इतक्या लहान बॉयलरची वाफ माणसाला ओढू शकेल का, याविषयी इंग्लंडमधील हौशी कारागिरांमध्ये १९२०च्या दशकात मोठा वाद झाला होता. टोपणनावाने लिहिणाऱ्या ‘एलबीएससी’ या कारागिराने अवघ्या अडीच इंच रुळांवरचे कोळशाचे इंजिन माणसाला सहज ओढते हे प्रत्यक्ष चालवून दाखवले आणि तेव्हापासून या छंदाला वेगळेच वळण लागले.

माथेरानच्या गाडीपेक्षा किंवा पुण्याच्या फुलराणीपेक्षा या वेगळ्या कशा?

नेरळ–माथेरान ही १९०७ मध्ये सुरू झालेली खरी प्रवासी रेल्वे आहे. तिचे रूळ दोन फुटी असून ती कोणत्याही मोठ्या गाडीची प्रतिकृती नाही. पेशवे पार्कातील फुलराणी १९५६ पासून मुलांना फिरवते, पण तिच्यात आपण डब्याच्या आत शिरून बसतो. पुण्यातच कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयातील गाड्या याच्या दुसऱ्या टोकाला आहेत: त्या टेबलावरच्या मांडणीत विजेवर धावतात आणि त्यांत बसण्याचा प्रश्नच येत नाही. ग्रिफिथ आणि टिल्डनमधील गाड्या या दोहोंच्या मधल्या आहेत. डब्यावर घोड्यावर बसतात तसे दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचे, आणि पुढे धावणारे इंजिन मात्र खिळ्यामोळ्यांसकट प्रमाणबद्ध असते.

या रेल्वे कोण चालवते, आणि कधी?

ग्रिफिथ पार्कमध्ये लॉस एंजेलिस लाइव्ह स्टीमर्स ही १९५६ साली स्थापन झालेली संस्था आहे. टिल्डन पार्कमध्ये गोल्डन गेट लाइव्ह स्टीमर्स आहे; तिची सुरुवात १९३६ मध्ये ओकलंडमधील व्हिक्टर शॅटक यांच्या घराच्या तळघरात झाली. दोन्ही ठिकाणी रूळ टाकणे, सांधे बसवणे, पूल रंगवणे, इंजिने बांधणे आणि रविवारी लोकांना फिरवणे ही सारी कामे सभासद स्वतःच्या वेळात आणि पदरचे पैसे घालून करतात. त्यामुळे देणगीच्या पेटीत सढळ हाताने पैसे टाकावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ग्रिफिथ पार्कमध्ये लोकांसाठी फेऱ्या रविवारी सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत असतात, आणि टिल्डनमध्येही वार रविवारच. पाऊस असेल, उष्णतेची लाट असेल किंवा वणव्याचा धोका वाढला असेल तर फेऱ्या रद्द होतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाची खात्री करून घ्यावी. दुपारी अडीचला पोहोचून रांग बंद झालेली पाहणाऱ्या कुटुंबांची निराशा होते. शक्यतो अकराच्या आधीच पोहोचावे. त्याचे खरे कारण पुढे येईल.

टिल्डनमध्ये दोन छोट्या रेल्वे आहेत असे ऐकले. कोणती कुठली?

दोन्ही अगदी जवळजवळ असल्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. रेडवुड व्हॅली रेल्वे ही १९५२ मध्ये एरिक थॉमसन यांनी सुरू केलेली, १५ इंची रुळांवरची, तिकीट काढून बसायची रेल्वे आहे. तिचे डबे मोठे असतात आणि त्यांत आत बसता येते. गोल्डन गेट लाइव्ह स्टीमर्स ही हौशी सभासदांची संस्था त्याहून लहान रुळांवर गाड्या चालवते. एकाच सकाळी दोन्ही पाहाव्यात, आणि शक्य असेल तर लहान आधी पाहावी, कारण तेथे इंजिनाच्या अंगाजवळ जाता येते आणि यंत्र समजून घेतल्यावर मोठी गाडी अधिक कळते.

गेल्यावर वाफेचे इंजिन दिसेलच का?

नाही, याची हमी देता येत नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे. रविवारच्या गर्दीत फेऱ्या मारण्यासाठी अनेकदा डिझेल इंजिनासारखी दिसणारी, पण आत पेट्रोलचे इंजिन किंवा बॅटरी असलेली यंत्रे लावतात, कारण ती चटकन सुरू होतात आणि तासन्‌तास न थकता चालतात. वाफेचे इंजिन त्या दिवशी कोणी आणले आहे का, हे स्थानकावरच्या स्वयंसेवकाला विचारावे. ते लोकांच्या गाडीला जोडलेले नसले तरी मागच्या बाजूला, जेथे इंजिने पेटवून तयार करतात तेथे, कोणीतरी काम करत असण्याची शक्यता असते. वर्षातून ठरावीक वेळी सभासदांचे मेळावे भरतात, त्या वेळी दूरदूरचे लोक आपापली इंजिने घेऊन येतात आणि वाफेची इंजिने एका पाठोपाठ एक धावताना दिसतात. पाहणाऱ्यासाठी त्याहून चांगला दिवस नाही.

अकराच्या आधी जाऊन काय पाहायचे?

इंजिन पेटवणे. माझ्या मते संपूर्ण भेटीतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि बहुतेक पाहुणे तो चुकवतात.

इंजिने कमरेएवढ्या उंचीच्या कट्ट्यावर उभी असतात, जेणेकरून मालकाला वाकावे लागू नये. आधी तो बॉयलरमधील पाणी पाहतो. चालकाच्या बाजूला एक उभी काचनळी असते आणि तिच्यातली पातळी तीच आतली पातळी. मग भट्टीत बारीक लाकूड किंवा केरोसीनमध्ये भिजवलेले लाकडाचे तुकडे टाकून जाळ करतो. पण थंड इंजिनाच्या धुराड्याला ओढ नसते, म्हणून धुराड्यावर विजेवर चालणारा छोटा पंखा बसवतो. तो हवा वर खेचतो आणि जाळ धरतो. लाकूड पेटले की सुपारीएवढे कोळशाचे तुकडे लहानशा फावड्याने आत जातात. सगळीच इंजिने कोळशावर नसतात. काही तेलावर, काही गॅसवर चालतात, आणि कोरड्या डोंगरांच्या या प्रदेशात ठिणग्यांचा धोका पाहता त्यात शहाणपण आहे.

यानंतर साधारण अर्धा-पाऊण तास काहीच घडत नाही असे वाटते. तेवढ्यात मालक दर सांध्याला तेल घालतो, दांडे पुसतो, नट तपासतो. दाबाचा काटा शून्यावरून हलतो, आणि काही वेळाने बॉयलरची स्वतःची वाफ धुराड्यात सोडून ओढ निर्माण करण्याइतका दाब तयार होतो. त्या क्षणी पंखा काढला जातो आणि इंजिन स्वतःच्या श्वासावर जळू लागते. काटा चौरस इंचाला शंभर पौंडांच्या आसपास पोहोचला की सुरक्षा झडप मोठा फुस्स आवाज करून उघडते. मुलांना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर ती दचकतात. मोठी माणसेही दचकतात.

निघताना इंजिनाच्या खालून दोन्ही बाजूंना पाणी आणि वाफ का उडते?

थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचे पाणी होते. पाणी दाबले जात नाही, म्हणून ते आत अडकले आणि दट्ट्या त्यावर आदळला तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते किंवा दांडा वाकू शकतो. त्यासाठी सिलिंडरच्या तळाशी लहान तोट्या असतात. निघताना चालक त्या उघड्या ठेवतो, पहिले काही फेरे पाणी बाहेर टाकतो आणि मग बंद करतो. इंजिनाच्या अगदी बाजूला उभे राहू नये याचे हे पहिले कारण. चौरस इंचाला शंभर पौंड दाबाच्या वाफेचे तापमान १७० अंश सेल्सिअसच्या जवळ असते.

एक गोष्ट नीट पाहावी: तोटीच्या तोंडाशी थोडी मोकळी जागा दिसते आणि पांढरा ढग त्यानंतर सुरू होतो. खरी वाफ त्या मोकळ्या जागेत असते. ती डोळ्यांना दिसत नाही. हवेत थंड होऊन तिचे थेंब झाले की मग ढग दिसतो.

‘छुक-छुक’ असा आवाज नेमका कशाचा?

सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकली जाते, त्याचा. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार ठोके पडतात. हा आवाज इंजिनाच्या जगण्याशी जोडलेला आहे, कारण बाहेर पडणारी ही वाफ जाताना भट्टीतली हवा ओढून नेते आणि जाळ भडकवते. चढावर इंजिन जितके अधिक कष्ट करते तितके ठोके जोरकस होतात आणि तितकाच जाळ तापतो, म्हणजे ज्या वेळी अधिक वाफ लागते त्याच वेळी ती अधिक तयार होते. चालकाने काहीही न करता होणारी ही जुळणी मला या यंत्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

लहान इंजिनाचे ठोके फार लवकर एकमेकांत मिसळतात. २० सेंटीमीटर व्यासाचे चाक ताशी आठ किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे साडेतीन फेरे घेते, म्हणजे चौदा ठोके. त्याची सलग घरघर होते. त्याच वेगाने जाणाऱ्या मोठ्या इंजिनाचे ठोके सेकंदाला दोनही भरत नाहीत. म्हणून ठोके वेगळे ऐकायचे असतील तर स्थानकाच्या निघण्याच्या टोकाला उभे राहावे: पहिला फेरा, चार ठोके, मग हळूहळू जवळ येत जाणारे आणि शेवटी एक झालेले.

उभे कुठे राहावे?

निघण्याच्या जागेखेरीज दोन ठिकाणे सुचवतो. पहिले, चढाच्या वरच्या टोकाजवळ, कारण तेथे इंजिन पूर्ण ताकद लावून येते आणि दाबाकडे, पाण्याकडे व जाळाकडे एकाच वेळी लक्ष देणारा चालक पाहता येतो. दुसरे, जेथे इंजिनात पाणी भरतात तेथे. तेथे गाडी थांबते, इंजिन शांत असते आणि जवळून निरखायला वेळ मिळतो. दोन्ही ठिकाणी कुंपणाच्या किंवा आखलेल्या रेषेच्या अलीकडेच राहावे. सभासदांच्या कामाच्या आवारात बोलावल्याशिवाय जाऊ नये. बोलावले, तर मात्र जरूर जावे.

चालक सतत काहीतरी करत असतो. इतके काय करावे लागते?

यंत्र लहान करता येते, निसर्गाचे नियम लहान करता येत नाहीत, हे त्याचे मूळ आहे. लहान बॉयलरमध्ये पाण्याच्या मानाने पृष्ठभाग फार जास्त असतो, त्यामुळे उष्णता भराभर निसटते. भट्टी लहान, म्हणून दोन-तीन मिनिटे दुर्लक्ष झाले तरी जाळ मंदावतो. पाणी कमी, म्हणून काचेतली पातळी पाहता पाहता खाली येते. मोठ्या इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन अशी दोन माणसे लागत. येथे एकच माणूस डब्यावर बसून, इंजिनाच्या मागून हात पुढे करून दोघांची कामे करतो, आणि तीही अशा वेगाने की चूक सुधारायला मोठ्या इंजिनाच्या चालकाला मिळे तेवढी उसंत त्याला मिळत नाही.

भट्टीचे छत नेहमी पाण्याखाली राहिले पाहिजे. ते उघडे पडले तर धातू तापून मऊ होतो. म्हणून चालकाची नजर पुन्हा पुन्हा काचनळीकडे जाते. चालत्या इंजिनाच्या आसाला जोडलेला पंप, वाफेच्या जोरावर पाणी आत ढकलणारा इंजेक्टर आणि अडीअडचणीला हातपंप अशा वेगवेगळ्या वाटांनी बॉयलरमध्ये पाणी भरता येते. इंजेक्टर सुरू होताना चालकाचा चेहरा पाहावा. तो नीट लागला की बाहेर गळणारे पाणी एकदम थांबते आणि बारीक शीळ ऐकू येते. नाही लागला तर पाणी खाली सांडत राहते आणि चालक झडपा पुन्हा फिरवू लागतो.

बॉयलर फुटण्याचा धोका नाही का?

प्रश्न योग्य आहे आणि संस्थाही तो गांभीर्याने घेतात. बॉयलरची ठरावीक काळाने थंड पाण्याने तपासणी होते: त्यात पूर्ण पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब दिला जातो. पाणी दाबले जात नसल्यामुळे दोष असेल तर बॉयलर तडकून गळतो, फुटून उडत नाही. याशिवाय सुरक्षा झडपा दाब वाढू देत नाहीत. पाहणाऱ्याला खरा धोका असतो तो तापलेल्या धातूचा, तोट्यांतून उडणाऱ्या वाफेचा आणि रुळांमध्ये पाय अडकून पडण्याचा.

वॉल्ट डिस्ने यांचा या छंदाशी काय संबंध?

फार जवळचा. डिस्ने यांनी लॉस एंजेलिसच्या होम्बी हिल्स भागातील आपल्या घराच्या आवारात ‘कॅरोलवुड पॅसिफिक’ नावाची एक-अष्टमांश मापाची रेल्वे उभारली होती. ती १९५० ते १९५३ या काळात चालली आणि तिचा मार्ग २,६१५ फुटांचा होता. इंजिन सेंट्रल पॅसिफिक या जुन्या अमेरिकी रेल्वे कंपनीच्या १७३ क्रमांकाच्या इंजिनावर बेतलेले होते आणि पत्नी लिलियन यांच्यावरून त्याला ‘लिली बेल’ हे नाव दिले होते. इंजिन बांधण्याचे काम डिस्ने स्टुडिओच्या यंत्रशाळेत, तिचे प्रमुख रॉजर ब्रॉगी यांच्या देखरेखीखाली झाले. गाडीच्या शेवटी जोडायचा पिवळा गार्डचा डबा मात्र डिस्ने यांनी स्वतःच्या हातांनी बनवला. १९५३ मध्ये एका पाहुण्या चालकाने वळण वेगात घेतल्यामुळे इंजिन घसरले आणि एका लहान मुलीला वाफेने भाजले. त्यानंतर डिस्ने यांनी ती रेल्वे बंद केली. आजही रविवारी चालवणारे सभासद वेगाविषयी इतके कडक असतात, ते योग्यच आहे.

पुढे १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झाले तेव्हा तेथील सी. के. हॉलिडे हे तीन फुटी रुळांवरचे इंजिन लिली बेलच्या रचनेवरूनच मोठे करून बांधले गेले. ज्या लाकडी कोठारात बसून डिस्ने आपल्या रेल्वेचे काम करत, ते १९९९ मध्ये ग्रिफिथ पार्कमधील संस्थेच्या आवारात आणून उभारण्यात आले आहे आणि दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी ११ ते ३ या वेळेत ते पाहता येते. ग्रिफिथ पार्कला एकदाच जायचे असेल तर तिसरा रविवार निवडावा.

जवळपास आणखी काय जोडून पाहता येईल?

ट्रॅव्हल टाउन. १९५२ मध्ये सुरू झालेले हे पूर्णाकृती इंजिनांचे खुले संग्रहालय ग्रिफिथ पार्कमध्येच, अगदी शेजारी आहे. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे ३०२५ क्रमांकाचे इंजिन तेथे उभे आहे; त्याच्या चाकाशेजारी उभे राहून मग छोट्या इंजिनाकडे परत यावे, म्हणजे आठपट म्हणजे काय ते अंगाला कळते.

इंजिनांचे प्रकार कसे ओळखायचे?

चाके मोजून. पुढची लहान चाके, मधली ओढणारी मोठी चाके आणि मागची लहान चाके या क्रमाने आकडे मांडतात. लिली बेल ४-४-०, म्हणजे पुढे चार लहान, मग चार मोठी आणि मागे काही नाही. भारतीय रेल्वेचे टोकदार नाकाचे डब्ल्यूपी इंजिन ज्यांना आठवत असेल त्यांच्यासाठी: ते ४-६-२ होते, आणि मालगाड्यांचे डब्ल्यूजी २-८-२. मुलांना हा खेळ एकदा शिकवला की ती दर इंजिनाजवळ धावत जाऊन चाके मोजू लागतात.

शिट्ट्यांना काही अर्थ असतो का?

असतो. अमेरिकेत रस्ता ओलांडताना दोन लांब, एक आखूड आणि एक लांब अशी शिट्टी वाजवतात. उभ्या गाडीने तीन आखूड दिल्या तर ती मागे जाणार आहे. छोट्या इंजिनाची शिट्टी मोठ्या इंजिनासारखी खोल ऐकू आली तर नवल वाटते. शिट्टीचा सूर नळीच्या लांबीवर ठरतो, आणि प्रमाणात बनवलेली इवलीशी शिट्टी फार चिरका आवाज काढते. म्हणून अनेक कारागीर लांब नळीची शिट्टी इंजिनाच्या खाली किंवा मागच्या डब्यात लपवतात.

भारतातून आलेल्या आई-बाबांना बसता येईल का? साडी चालेल का?

मोकळेपणाने सांगायचे तर गुडघे दुखत असतील तर बसण्याचा आग्रह धरू नये. आसन जमिनीपासून फार खाली असते, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे लागते, आणि बसण्यापेक्षा उठणे अवघड जाते. साडी नेसून असे बसणे गैरसोयीचे आहेच, शिवाय पदर किंवा ओढणी चाकांजवळ लोंबणे धोक्याचे आहे. सलवार-कुर्ता किंवा पॅन्ट घालावी, ओढणी घरी ठेवावी किंवा नीट बांधून घ्यावी. पुढे बंद असलेले बूट सर्वांनीच घालावेत. रुळांची रुंदी जेमतेम १९ सेंटीमीटर असल्यामुळे एका बाजूला झुकणे, मागे वळून मुलांचे फोटो काढणे किंवा हात बाहेर काढणे यांमुळे डबा कलंडू शकतो. तोल मध्ये ठेवून सरळ बसावे. वयाची, उंचीची किंवा वजनाची मर्यादा त्या त्या ठिकाणी लिहिलेली असते. स्वयंसेवकाने नाही म्हटले तर वाद घालू नये.

बसणे जमत नसेल तर आजी-आजोबांची सहल वाया गेली असे मुळीच नाही. घडीची खुर्ची आणि टोपी बरोबर घ्यावी आणि त्यांना निघण्याच्या टोकाजवळ सावलीत बसवावे. ज्यांनी कोळशाच्या इंजिनाच्या गाड्यांनी प्रवास केला आहे, खिडकीत बसून डोळ्यांत कण गेलेला ज्यांना आठवतो, त्यांना तो वास ओळखीचा असतो, आणि नातवंडांना समजावून सांगण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ असते.

फोटो चांगले कसे येतील?

कॅमेरा इंजिनाच्या उंचीला आणावा, म्हणजे खाली बसावे. उभे राहून काढलेल्या फोटोत इंजिन खेळणे वाटते. दुपारच्या कोरड्या उन्हात वाफ क्षणात विरते, थंड सकाळी मात्र पांढरी शुभ्र राहते, म्हणून हिवाळ्यातील पहिल्या फेऱ्या उत्तम. फोटोसाठी रूळ ओलांडू नयेत.

सभासदांशी बोलावे का? त्यांना त्रास होईल का?

चालत्या गाडीच्या चालकाला प्रश्न विचारू नयेत. थांबलेल्या इंजिनाजवळ मात्र अवश्य विचारावे, आणि ‘केवढ्याला पडले’ यापेक्षा ‘कोणी बांधले’ असे विचारावे. एखादे इंजिन घरच्या लेथवर बांधायला कित्येक वर्षे लागतात. काही इंजिने एकाने सुरू करून दुसऱ्याने पूर्ण केलेली असतात. सिलिंडरच्या ओतकामापासून झडपांच्या जुळणीपर्यंतचे काम ज्याने केले आहे त्याला त्याविषयी बोलायला आवडते.

फेऱ्या संपल्यावर थोडे थांबलात तर आणखी एक काम पाहायला मिळते. जाळ विझवून राख काढली जाते, बॉयलरच्या तळाची झडप उघडून साचलेल्या गाळासह गरम पाणी मोठ्या आवाजात बाहेर सोडले जाते, आणि नळ्यांमधली काजळी लांब ब्रशने साफ केली जाते. हे चालू असताना दूर उभे राहावे.

कॅलिफोर्नियाबाहेर अशा रेल्वे आहेत का?

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत. ओरेगनमधील चिलोक्विन येथील ट्रेन माउंटन ही यांतील सर्वांत विस्तीर्ण. तिच्या लांबीची नोंद २००४ मध्ये गिनेस विक्रमांत झाली, आणि तिचे साडेसात इंची रूळ पंचवीस मैलांहून अधिक आहेत. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र सव्वासात इंची रूळ रूढ आहेत. पाव इंचाच्या या फरकामुळे एका किनाऱ्याचे इंजिन दुसऱ्या किनाऱ्याच्या रुळांवर जसेच्या तसे चालत नाही.

स्वतः सभासद व्हायचे असेल तर इंजिन असावे लागते का?

नाही. रूळ दुरुस्त करणे, सांधे सांभाळणे, स्थानकावर प्रवाशांना बसवणे, झाडी छाटणे यांसाठी माणसांची नेहमीच गरज असते आणि बहुतेक चालक याच कामांतून शिकत पुढे आले आहेत. रविवारी फेऱ्या संपण्याच्या सुमारास स्थानकावरच्या स्वयंसेवकाला तसे सांगावे. पहिले काम बहुधा फावडे हातात घेऊन रुळांखालची खडी सारखी करण्याचे असेल, आणि लेव्हल लावून रूळ एका पातळीत आणताना गाडी का घसरते आणि का घसरत नाही हे तेथेच शिकायला मिळेल.